उपळेकरांचे दहा दिवस

शैलेंद्र उपळेकरांचा मुलगा कितवीत आहे असं कुणी विचारलं तर ते अचूक सांगत. पण त्याचा आवाज कधी फुटला, त्याला मिसरूड कधी आलं, असं विचारलं असतं तर त्यांची बोलती बंद झाली असती. बाप वाईट नव्हता हो. घरी नव्हता, एवढंच.

उपळेकर दुबईबाहेर जबल अलीला एका यार्डात प्लॅनिंग इंजिनिअर होते. समुद्रातल्या तेलाच्या कामासाठी लागणारे लोखंडाचे अगडबंब सांगाडे तिथं तयार होत, आणि कुठला सांगाडा कुठल्या तारखेला हलला पाहिजे याचे तक्ते उपळेकर करत. राहायला मात्र शारजात, अल नहदाला, आठव्या मजल्यावर. दुबईची भाडी झेपत नाहीत म्हणून अर्धी दुबई शारजात झोपायला येते आणि सकाळी सगळी एकदम बाहेर पडते. त्या गर्दीच्या आधी निसटायचं म्हणून उपळेकर पहाटे सव्वापाचला निघायचे. तेव्हा मुलं झोपलेली. परतताना मात्र गर्दीतून सुटका नव्हती. साडेआठला घरात शिरायचे तेव्हा शुभ्रा, म्हणजे धाकटी, टीव्हीसमोर असायची आणि वेदांग कानाला वॉकमन लावून पुस्तकात डोकं खुपसून बसलेला असायचा. "काय रे, जेवलास?" "येस, बाबा." झालं, संपला दिवसाचा संवाद. गुरुवारी अर्धा दिवस काम, शुक्रवारी सुट्टी, आणि शुक्रवारी हा माणूस दुपारपर्यंत घोरत पडायचा. मृणालिनी, त्यांची बायको, आधी चिडायची. मग तिनंही हात टेकले.

सन दोन हजारच्या मार्चमध्ये वेदांग सोळा वर्षांचा झाला. उपळेकरांनी त्या दिवशी लवकर निघून, स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या पसंतीनं त्याच्यासाठी शर्ट आणला. वेदांगनं तो अंगात घातला आणि बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या.

"बाबा, धिस इज फॉर अ किड," तो म्हणाला. चिडून नाही, हसूनच म्हणाला.

शुभ्रा लोळून लोळून हसली. मृणालिनीही हसली. शर्ट शेवटी शुभ्रालाच गेला. उपळेकरही हसले, पण त्यांना ते फार लागलं. मुलगा खांद्याच्या वर गेला होता आणि आपण दुकानदाराला हातानं उंची दाखवली ती छातीपर्यंत, हे काही केल्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात बसून, दार लावून, एक हिशेब केला. पुढच्या वर्षी बारावी झाली की वेदांग पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार. म्हणजे राहिले पंधरा महिने. त्यातून काम वजा, रस्ता वजा, झोप वजा, त्याच्या शिकवण्या वजा. मुलगा आणि बाप दोघंही जागे आहेत आणि एका खोलीत आहेत, असे तास किती उरतात? उपळेकरांनी दोनदा बेरीज केली. दोनशेही भरेनात. तीनशे टनांचा सांगाडा वेळेत समुद्रात लोटणारा माणूस तो; आपल्या घरातली ही गोष्ट एवढी मागं पडली आहे हे त्याला कळलंच नव्हतं.

याच वेळी उपळेकरांच्या डोक्यात कॅनडा आला. कुठून म्हणाल, तर भिंतीवरून आला. यार्डात वेल्डिंग तपासायला एक म्हातारा इन्स्पेक्टर यायचा, ओन्टारिओचा. त्यानं नव्या वर्षाला कॅलेंडर दिलं होतं. मार्चच्या पानावर एक तळं होतं. काठोकाठ पाणी, पाण्याला टेकलेली सूचिपर्णी झाडं, आणि माणूस म्हणून औषधाला नाही. उपळेकरांनी त्याला विचारलं, तिथं जातात कसे? तो म्हणाला, मोटरहोम भाड्यानं घ्यायची. चाकांवरचं घर. चूल, पलंग, संडास सगळं आत. उत्तरेला जात राहायचं, तळ्याकाठी थांबायचं. दहा-दहा दिवस कुणी भेटत नाही.

दहा-दहा दिवस कुणी भेटत नाही! दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर घाबरला असता. उपळेकरांचे डोळे चमकले. दहा दिवस म्हणजे झोप वजा जाता दीडशे तास, आणि तेही सलग. मुलगा पळून पळून जाईल कुठं? जंगलात?

तर असं ठरलं. दोन हजार एकचा जुलै, ओन्टारिओचा उत्तर भाग, चौघं जण, दहा दिवस.

मग उपळेकरांनी जे प्लॅनिंग केलं त्याला तोड नाही. निळी फाईल केली, तिला रंगीत खुणा लावल्या. रोज किती किलोमीटर, पेट्रोल कुठं, मुक्काम कुठं, तळ्याचं नाव, तळ्याची खोली, डास किती, अस्वलं किती. अस्वलांसाठी वेगळं पान होतं: जेवणाचा वास बाहेर ठेवायचा नाही, भांडी लगेच धुवायची, आणि फोडणी फक्त आत, खिडक्या लावून. शेवटी एक मोठा तक्ता, ऑफिसातल्या प्रिंटरवर काढलेला, जेवणाच्या टेबलावर पसरला की दोन्ही बाजूंनी लोंबायचा. प्रत्येक कामापुढं ते काम कुणी करायचं याचा रकाना.

मृणालिनीनं चष्मा लावून तो रकाना वाचला. होडी वल्हवणे: बाबा, वेदांग. शेकोटी: बाबा, वेदांग. मासे पकडणे (जमल्यास): बाबा, वेदांग. संडासाची टाकी रिकामी करणे: बाबा, वेदांग.

"अहो, आणि मी आणि शुभ्रा काय करायचं? झाडं मोजायची?"

"तुम्ही विश्रांती घ्यायची."

"विश्रांती घ्यायला एवढ्या लांब कशाला? इथं दोन बेडरूममध्ये एकमेकांच्या पायात येतोय, ते तिथं जाऊन एका टेम्पोत चौघं राहायचं. दर वर्षी पुण्याला जातो, आई वाट बघते, तेही पुढच्या वर्षी बुडवायचं."

"मृणाल, मला त्याच्याबरोबर राहायचंय गं थोडं," उपळेकर म्हणाले. "तो जाईल आता."

मृणालिनीनं चष्मा काढला. दुसऱ्या दिवशी तिनं फाईलीत आपल्या हातानं एक पान घातलं: मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लहान कुकर, शिट्टी जास्तीची.

वेदांगचं मत? ते कुणी विचारलंच नाही, हे खरं. तक्ता टेबलावर पसरला की तो आपली ताटली उचलून सोफ्यावर जायचा. एकदा वाकून बघितलं, "कूल," म्हणाला, आणि गेला. उपळेकरांनी ते 'कूल' आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

इकडे ऑफिसात वेगळाच गोंधळ. अमिरातीत टपाल घरी येत नाही. पोस्ट बॉक्स असतो, आणि नोकरदाराचा बॉक्स म्हणजे कंपनीचा बॉक्स. त्यामुळे तळ्यांची माहितीपत्रकं, नकाशे, मोटरहोमवाल्यांची जाडजूड पाकिटं सगळी याकूबच्या हातून यायची. याकूब हा टपाल वाटणारा पेशावरचा माणूस. तो पाकीट हातात घेऊन अख्ख्या मजल्यावरून मिरवत आणायचा.

"साब, कनाडा से फिर आया! आप जा रहे हो, हमको मालूम है."

"अरे याकूब, घूमने जा रहा हूं. दस दिन."

"हां हां साब, इन्शाल्ला, सब घूमने ही जाते हैं," असं म्हणून याकूब डोळा मारायचा.

त्याचंही चूक नव्हतं. त्या वर्षांत आखातात कॅनडा म्हटलं की एकच अर्थ होता: इमिग्रेशन. इथं नोकरी आहे तोवर व्हिसा, नोकरी गेली की खलास, बिऱ्हाड बांधा. म्हणून जो तो कॅनडाचा फॉर्म भरून बसलेला. कुणाला फाईल नंबर आलेला, कुणाला मेडिकलचं पत्र, आणि लग्नामुंजीत बायकांच्या गप्पाही त्याच. अशा ठिकाणी एक माणूस म्हणतो की मी कॅनडाला जातोय, पण अस्वलं बघायला, तळ्याकाठी टेम्पोत राहायला, आणि अकराव्या दिवशी परत जबल अलीला येणार! कोण विश्वास ठेवील? मोठ्या साहेबानंसुद्धा एकदा बोलावून विचारलं, उपळेकर, तू आम्हाला सोडून चाललास का? उपळेकरांनी त्याला फाईल दाखवली. साहेबानं अस्वलांचं पान वाचलं आणि फाईल मिटून परत दिली.

नोव्हेंबरात रंगीत तालीम झाली. उसना तंबू घेऊन चौघं फुजैराच्या बाजूला समुद्रकाठी गेली. तंबूच्या खुंट्या वाळूत ठोकल्या की लगेच बाहेर येत. शेवटी उपळेकरांनी तंबू गाडीच्या बंपरला बांधला. वेदांग गाडीत बसून राहिला, कारण एसी गाडीत होता. दुपारी पिण्याचं पाणी संपलं. शुभ्रानं तोंड धुतलं होतं त्या पाण्यानं, त्यावरून आई-मुलीचं वाजलं. पेट्रोल पंप गाठेपर्यंत सगळ्यांचे घसे कोरडे पडले. घरी आल्यावर उपळेकरांनी फाईल उघडली आणि सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं: पाणी, १२० लिटर, सहा कॅन.

एप्रिल उजाडला. वेदांगची परीक्षा झाली. आता तो दिवसभर घरी होता, पण दुपारी उठायचा आणि पहाटे दोनला झोपायचा, त्यामुळे बापाची गाठ पूर्वीपेक्षाही कमी. उपळेकर म्हणायचे, असू दे, जुलैत बघू. मग एका शुक्रवारी ते व्हिसाचे फॉर्म भरायला बसले. कंपनीच्या तिजोरीत ठेवलेला स्वतःचा पासपोर्ट त्यांनी अर्ज करून सोडवून आणला होता. काळं पेन, सुरेख अक्षर. एका ओळीत प्रश्न होता: आपण यापूर्वी कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज केला आहे काय? उपळेकरांनी 'नाही'वर खूण केली.

मृणालिनी शेजारी भेंडी चिरत होती. "अहो, ते परेशबरोबर भरलं होतंत ना काहीतरी?"

"ते कुठं? ते कॅन्टीनमधलं. त्याचं काही झालंच नाही."

झालं असं होतं की अठ्ठ्याण्णव साली एक एजंट ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं टेबलं जोडली, समोसे मागवले आणि एका तासात अकरा जणांचे फॉर्म भरून घेतले. परेश सामंत हा उपळेकरांचा ऑफिसातला दोस्त. त्यानं भरला, म्हणून शेजारी बसलेल्या उपळेकरांनीही भरला. लग्नात सगळे आइस्क्रीम घेतात म्हणून आपणही घ्यावं, तसं. पुढं त्यांना वाटलं, नको ही कटकट. एजंटला फोन करून सांगितलं, माझं खलास, कॅन्सल कर. एजंट म्हणाला, नो प्रॉब्लेम सर. उपळेकरांच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला. आपण फॉर्म भरला, पण अर्ज केला नाही, असं ते अगदी मनापासून मानत. आखातात राहणाऱ्या कुणालाही विचारा, तोही हेच म्हणाला असता. एजंटकडे सही करणं म्हणजे अर्ज करणं, असं कुणी धरतच नव्हतं.

"एकदा परेशला विचारून तर घ्या," मृणालिनी म्हणाली.

"काही नाही गं. उगाच शंका काढू नकोस."

मेच्या शेवटी मुलाखतीचं बोलावणं आलं. चौघं नवे कपडे घालून अबू धाबीच्या व्हिसा कचेरीत गेली. काचेपलीकडे एक पिकल्या केसांची बाई बसली होती. बाई प्रेमळ होती, हे आधीच सांगून टाकतो. तिनं निळी फाईल मागून घेतली आणि खरोखर पान न् पान बघितली. तक्ता उलगडायला तिला शेजारचं टेबल लागलं. मग सामानाची यादी वाचता वाचता ती थांबली.

"मिस्टर उपळेकर, हे एकशे वीस लिटर पाणी कशासाठी?"

"पिण्यासाठी, मॅडम. सेफ्टी."

"तुम्ही तळ्यांच्या मुलखात चालला आहात. तिथं पाण्याशिवाय दुसरं काही नाही."

वर्षभर ज्या माणसानं तळ्यांची खोली मीटरमध्ये पाठ केली, त्याला हे सुचलंच नव्हतं. चौदा वर्षं वाळवंटात काढली की असं होतं. बाई खळखळून हसली. मृणालिनीला हसू आवरेना. उपळेकरही कानापर्यंत लाल होऊन हसले आणि त्यांच्या जिवात जीव आला. आता काम झालं, त्यांना वाटलं. हा माणूस खरोखर फिरायलाच चाललाय याची बाईला खात्री पटली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाईनं वेदांगला विचारलं, "तुला जायचंय ना रे?"

वेदांगनं खांदे उडवले. "इट्स माय डॅड्स प्लॅन. आय'म ओके विथ इट."

हे उपळेकरांना आत कुठंतरी टोचलं. पण ते टोचणं नीट कळायच्या आत बाईनं समोरच्या कागदांतला एक कागद ओढला आणि वाचून तिचा चेहरा बदलला. तिनं विचारलं, तुम्ही पूर्वी कधी स्थायिक होण्यासाठी अर्ज केला होता का?

"नो, मॅडम."

तिनं कागद फिरवून काचेला लावला. फोटो उपळेकरांचा, मिशा होत्या तेव्हाचा. खाली सही त्यांची, दोन रेघा मारलेली. एजंटनं अकराच्या अकरा फॉर्म एका गठ्ठ्यात पाठवून दिले होते.

उपळेकरांनी कॅन्टीन सांगितलं, समोसे सांगितले, फोन सांगितला. घाईघाईत सांगितलं, इंग्रजी अडखळलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमच्या सहलीवर माझा विश्वास आहे, पण तुम्ही सही करून 'नाही' लिहिलंय आणि उत्तर 'हो' आहे. या अर्जावर मला व्हिसा देता येणार नाही. चौघांनाही नाही. आधी ती जुनी फाईल रीतसर बंद करा, मग पुन्हा अर्ज करा. सहा-आठ महिने लागतील.

सहा-आठ महिने. वेदांग तर त्याच्या आत, जुलैअखेर, पुण्याला जायचा होता.

अबू धाबीहून गाडी परत निघाली. शुभ्रा रडून झोपली. अर्ध्या वाटेत मृणालिनी म्हणाली, "मी म्हटलं होतं." एकदाच म्हणाली, पण म्हणाली. उपळेकर म्हणाले, "हो. माझं चुकलं." मग आरशातून मागं बघत मुलाला म्हणाले, "वेदांग, सॉरी रे."

"इट्स ओके, बाबा," वेदांग म्हणाला आणि वॉकमनची बटणं दाबत बसला.

ते ओके ऐकून उपळेकरांना रडूच यायचं बाकी राहिलं. मुलानं आदळआपट केली असती, ओरडला असता, तर बरं वाटलं असतं. इतकं सहज ओके झालं, म्हणजे त्याला काही गमावल्यासारखं वाटलंच नाही. वर्षभर आपण एकटेच त्या तळ्याकाठी बसलो होतो. लाज वाटली त्यांना, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. घरी आल्यावर त्यांनी फाईल कपाटाच्या वर टाकली, मोटरहोमवाल्याला गाडी नको म्हणून पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सव्वापाचला कामावर गेले. चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मृणालिनीनं पुण्याची तिकिटं काढली. ती आणि शुभ्रा शाळा संपल्यावर जाणार, वेदांग त्यांच्याबरोबर.

आणि मग जूनच्या मध्यावर, एका शनिवारी पहाटे, उपळेकर बूट घालायला खुर्चीकडे आले तर खुर्चीत वेदांग. दात घासलेला, शर्ट खोचलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"काय रे? बरं नाही का?"

"आय'म कमिंग विथ यू."

"कुठं?"

"ऑफिस. परेश अंकलना फोन केला होता. समर ट्रेनिंग. टू वीक्स. ते म्हणाले, यल्ला, कम." मग जमिनीकडे बघत, मराठीत म्हणाला, "तुम्ही रोज किती वेळ गाडीत असता, आय काउंटेड. साडेतीन तास."

"डबा?" एवढंच उपळेकरांनी विचारलं. मृणालिनी स्वयंपाकघरातून दोन डबे घेऊन आली. तिला आधीपासून ठाऊक होतं, चेहऱ्यावरून दिसतच होतं.

पहिल्या दिवशी पोरगा अल नहदापासून जबल अलीपर्यंत तोंड उघडं टाकून झोपला. येतानाही झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. यार्डात परेशनं त्याला याकूबच्या हाताखाली दिलं होतं, आणि याकूबनं त्याला मजल्या-मजल्यावर पळवून दमवलं होतं. तिसऱ्या दिवशी जागा राहिला आणि स्वतःची कॅसेट लावली. कुणीतरी फुटलेल्या आवाजात ओरडत होतं. उपळेकर ती अर्धा तास ऐकत बसले आणि म्हणाले, "हा चिडलाय कशावर?" वेदांग हसला आणि मग खरंच सांगायला लागला, तो गाणारा कोण, कुठला, कशावर चिडलाय. दुबईच्या ट्रेड सेंटरपासून शारजाची हद्द येईपर्यंत सांगत होता.

एकदा त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही इथं फर्स्ट आलात तेव्हा वेअर यू स्केअर्ड?"

"खूप," उपळेकर म्हणाले. "पहिले तीन महिने एका खोलीत सहा जण होतो. आईला पत्र लिहायचो की मजेत आहे. आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचो."

हे त्यांनी मृणालिनीलाही कधी सांगितलं नव्हतं. वेदांग समोरच्या बसच्या मागच्या दिव्यांकडे बघत म्हणाला, "पुण्यात हॉस्टेलला सगळे हसतील. माझं मराठी बघा ना कसं आहे. मी तिथला नाहीच आहे, बाबा. आय ग्रू अप हियर." जन्मापासून मुलाच्या मनात काय आहे हे उपळेकरांनी असं समोरासमोर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी गिअरवरचा हात काढून त्याच्या मानेवर ठेवला. वेदांगनं मान काढून घेतली नाही.

"हसतील," ते म्हणाले. "आठवडाभर हसतील. मग तूही त्यांना हसशील. आणि नाहीच जमलं, तर मला फोन कर. मी येईन."

"तुम्हाला लीव्ह कुठं मिळते?"

"न मिळू दे. येईन."

असे ते दोन आठवडे गेले. शेवटच्या बुधवारी संध्याकाळी ट्रेड सेंटरच्या पुढं कुठंतरी दोन ट्रक एकमेकांवर आदळले आणि सगळा रस्ता थिजला. एसी चालू ठेवून लोक घामाघूम, हॉर्न वाजवून वाजवून बेजार. दोन तासांत दोन किलोमीटरही सरकले नसतील. मृणालिनीचा मोबाईलवर फोन आला. विमान शुक्रवारचं, बॅगा उघड्या पडल्यात, वजन करायचंय, आणि तुम्ही आहात तरी कुठं?

"अजून तासभर लागेल," उपळेकर म्हणाले.

वेदांग याकूबची नक्कल करत होता. याकूब साहेबांच्या टेबलावर पाकीट कसं आपटतो, डोळा कसा मारतो, सगळं हुबेहूब. उपळेकर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. तेवढ्यात पलीकडची रांग सुटली. शेजारची लाल गाडी गेली, तिच्यामागची पिकअप गेली, आणि भराभर गाड्या पुढं निघाल्या. त्यांच्या रांगेत मात्र एक चाक हलत नव्हतं. पलीकडे घुसायला चांगली एक गाडीभर जागा झाली.

"बाबा, दॅट लेन इज मूव्हिंग! घ्या ना, गो!"

उपळेकरांनी आरशात बघितलं. मागचा हॉर्न मारत होता. ही जागा दहा सेकंदांत जाणार, हे चौदा वर्षं त्या रस्त्यावर काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

"जाऊ दे त्यांना," ते म्हणाले. "तू सांग. मग याकूब काय म्हणाला?"